कृपया कडी वाजवावी

चोर येऊन गेल्यावर त्या लेआउटला अक्कल आली, आणि आली ती इतकी की ठेवायला जागा पुरेना. कॅमेरे बसवा, गल्लीच्या तोंडाला गेट लावा, अंगणातला दिवा रात्रभर जळू द्या, गच्चीचं दार आतून बंद करा, ग्रिलला दुहेरी सळ्या घाला. हुडकेश्वरच्या त्या पाच घरांच्या गल्लीत चार दिवसांत जेवढे सल्ले दिले गेले, तेवढ्या विटा त्या घरांना लागल्या नसतील. आणि सगळे सल्ले पंचफुलाबाईला. चोरी तिच्या घरी झाली होती ना! ज्याच्या घरी चोर शिरतो तोच गाढव, असं एकदा ठरवून टाकल्याशिवाय बाकीच्यांना झोप कशी लागणार?

पंचफुलाबाई साठीची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. उमरेडजवळ शेत आहे, ते ती अजून स्वतः पाहते. एसटीनं सकाळी जाते, संध्याकाळी परत येते. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ती, मागच्या खोलीत भाडेकरू. बळीराम आणि त्याची बायको माया. बळीराम हिंगण्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, कंपनीच्या बसनं जाणारा येणारा, वर मान करून न बोलणारा माणूस.

मंगळवारी रात्री दोनच्या सुमारास खिडकीचं ग्रिल उपसून दोघं आत शिरले. एकानं तिच्या तोंडावर हात दाबला, दुसऱ्यानं गळ्यातली पोत ओढली. पोत तुटली, मान सोलून निघाली. बाई त्या हाताला कडकडून चावली. हात सुटला आणि ती अशी ओरडली की दोघेही कपाटातला पैशांचा डबा घेऊन भिंतीवरून पळाले. तशीच अनवाणी ती गल्लीत धावली. "धावा गा! चोर! धावा!" समोरच्या कृष्णकांतरावांचं दार वाजवलं, बाजूच्या ओमप्रकाशचं वाजवलं. कुणी आलं नाही. आला तो एकटा बळीराम. हातात टॉर्च घेऊन चोरांच्या मागे नाल्यापर्यंत पळाला आणि पायात काच घुसून, लंगडत, रिकाम्या हातानं परत आला.

बरं, महिना डिसेंबरचा. मे असता तर प्रत्येकानं कूलरचं नाव सांगितलं असतं आणि कुणाला बोलायला जागा राहिली नसती. पण थंडीच्या दिवसांत त्या गल्लीत तिसऱ्या घरातला खोकलाही ऐकू येतो. तेव्हा दुसरं कारण हवं होतं, आणि ते सकाळी पोलिसांसमोर कृष्णकांतरावांनी दिलं. "साहेब, आम्ही येणार कसे? चोरांनी आधी आमच्या दारांना बाहेरून कड्या लावल्या होत्या." चोर असं करतात खरंच, पेपरात येतं नेहमी. ओमप्रकाश लगेच म्हणाला, आमचीबी लागेल होती. पोलिसांचा चहा संपेपर्यंत चारही घरांच्या कड्या लागल्या.

मग जमादारानं वहीतून मान वर करून विचारलं, "म्हणजे ह्या एकट्याच्याच दाराला कडी नव्हती?"

सगळ्यांनी बळीरामकडे पाहिलं. त्या दिवसापासून बळीरामला रोज सकाळी ठाण्यात बोलावणं. दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी घरी यायचं, उद्या पुन्हा. कंपनीची बस त्याच्याशिवाय जाऊ लागली. ठेकेदारानं निरोप पाठवला की आधी ते पोलिसाचं निस्तर, मग ये.

आणि खोटं कशाला सांगायचं, पंचफुलाबाईच्याही मनात किडा शिरला. याच्याच दाराला का नव्हती? हा इतक्या लवकर कसा आला? तिनं मधल्या दाराला आपल्या बाजूनं कुलूप घातलं. रोज सकाळी मायाला आवाज देऊन अर्धा कप चहा देणारी बाई चार दिवस तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पलीकडे मायाही चार दिवस भांडी हळू ठेवत होती.

रविवारी सकाळी कृष्णकांतरावांच्या बैठकीत सभा भरली. कृष्णकांतराव सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मूळचे जुन्या शहरातल्या महाल भागातले, बोलणं अजून फायलीतल्यासारखं. इथं बंगला बांधला तेव्हा पुढचं सागवानी दार खास जुन्या घरातून आणवलं, पितळी कडीकोयंड्यासकट. बेल म्हणून लावली नाही. दारावर पाटी आहे: 'कृपया कडी वाजवावी'. पाहुण्यांना ते दार दाखवल्याशिवाय चहा येत नाही.

"वहिनी, कॅमेरे, गेट, सगळं होईल," ते म्हणाले. "पण घराची सुरक्षा म्हणजे आधी माणसं कोण आहेत ते पाहणं. माहिती आतूनच जाते." त्यांनी टाइप केलेला कागद तिच्यासमोर सरकवला. माझा भाडेकरू बळीराम याच्यावर माझा दाट संशय असून त्याची कसून चौकशी व्हावी. खाली तिचं नाव, सहीसाठी टिंबं.

"खोलीबी खाली करून घ्या, काकू," ओमप्रकाश म्हणाला. "तुमी लय भोळ्या आहात. कोन कुठला मानूस, आपल्याले काय मालूम?"

"सही झाली की आजच अटक होईल," कृष्णकांतरावांनी पेनाचं टोपण काढून दिलं.

पंचफुलाबाईनं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. तेवढ्यात दारावर खण्ण खण्ण खण्ण झालं. शेवटच्या घरातली मिनल, शाळेत शिकवणारी, उशिरा आली होती. "आलो, आलो," म्हणत कृष्णकांतराव उठले, आतली खिट्टी काढून त्यांनी तिला आत घेतलं.

पंचफुलाबाईचा हात जागच्या जागी थांबला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. कानाच्या नव्हे, हाताच्या. मंगळवारी रात्री हीच कडी तिच्या मुठीत होती. बर्फासारखी गार. ती तिनं दारावर आपटली होती, पुन्हा पुन्हा, बोटाचं नख उचकटेपर्यंत. ते नख अजून काळंनिळं होतं. ती नखाकडे बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "मंगळवारी तुमच्या या दाराले चोरायनं कडी लावली होती न?"

"हो तर."

"मंग काढली कोनं?"

"दूधवाल्यानं. पहाटे साडेपाचला."

"पक्कं?"

"वहिनी, मी पोलिसांना लेखी दिलंय."

पंचफुलाबाई उठली. कुणाला काही कळायच्या आत कागद हातात तसाच घेऊन दाराबाहेर गेली, दार ओढलं आणि कडी उचलून कोयंड्यात अडकवली. आत चार घरांची सभा, बाहेर ती एकटी.

"अहो वहिनी! हे काय?"

"मी वाजवून राहिली, भाऊ," तिनं बाहेरून सांगितलं. तिनं अडकलेली कडी धरून हिसके दिले. दार थोडं हललं, कडीचा आवाज आला नाही. "आयकू येते काय?"

"काय ऐकू येते? कडी काढा आधी!"

"नाई वाजत. लागेल कडी वाजतच नाई, भाऊ. ते लोंबत असली तरच वाजते. अन् त्या राती म्या वाजवली. तुमचीबी वाजवली, ओमप्रकाशचीबी वाजवली. नख निघालं माहं! मंग लावली होती ते कोन्ती कडी?"

आत सगळे एकदम बोलायला लागले. ओमप्रकाश दारावर थापा मारू लागला. कृष्णकांतराव ओरडत होते, "हा काय तमाशा! दार उघडा!" आणि त्यांचा तो आवाज गल्लीभर जात होता. पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला ठेला थांबवून बघायला लागला.

"आतलं सारं बाहेर आयकू येऊन राहिलं," पंचफुलाबाई म्हणाली. "तं बाहेरचं आत काहून नाई आलं त्या राती?"

आतून कुणीतरी म्हणालं, मागच्या दारानं चला. आणि चपला फटफटल्या. मागचं दार! त्या घराला मागचं दार होतं, ओमप्रकाशच्या घरालाही होतं, पाचही घरांना होतं. पंचफुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढून कडी लागली तर मागून बाहेर पडता येतं हे कळायला या शहाण्या माणसांना आज दोन मिनिटं लागली होती. त्या रात्री कुणाला सुचलं नव्हतं. आणि पोलिसांना, पेपर वाचणाऱ्यांना, खुद्द तिला, चार दिवसांत ते कुणालाच सुचलं नव्हतं.

सभा मागं पळाली तेव्हा दाराशेजारच्या खिडकीशी एक जण थांबलं होतं. अरुंधतीबाई, कृष्णकांतरावांची बायको.

"आम्ही जागे होतो," ती गजाला धरून हळूच म्हणाली. "हॉलचा दिवा चालू होता. यांनी तो बंद करायला लावला. मीच बंद केला, पंचफुलाबाई. तुमच्या पहिल्या हाकेलाच."

पंचफुलाबाईला मारलं असतं तर कमी लागलं असतं.

तोवर सगळे घराला वळसा घालून पुढे आले. कृष्णकांतराव पुढे, धापा टाकत. "हे अत्यंत अशोभनीय आहे, वहिनी. आमच्या वयाचा तरी..."

"भेले तं भेले म्हना!" पंचफुलाबाई कडाडली. गळ्याचं सोललेलं पुन्हा चरचरलं, पण ती थांबली नाही. "भेनं काई गुन्हा नाई. मीबी भेली होती. तुमी आले नाई, म्हातारे आहा, बाप्पा, नाई आले, म्या माफ केलं असतं. पन आपलं भेनं झाकासाठी तुमी आलेल्या मानसाले चोर केलं! त्याच्या दाराले कडी नव्हती, हाव, नव्हती. तुमच्याबी नव्हती. फरक इतकाच, त्यानं उघडलं!"

ओमप्रकाश जमिनीकडे बघू लागला. "काकू, सायबायनं म्हनलं म्हनून आमीबी..."

"तुमीबी काय? तुमाले आपलं तोंड नाई?"

मिनल मात्र मधेच म्हणाली, "काकू, मी येते ठाण्यात तुमच्याबरोबर. आमच्याही दाराला कडी नव्हती."

कागद अजून पंचफुलाबाईच्या हातात होता. तो तिनं फाडला, तुकडे कृष्णकांतरावांच्या पायाशी टाकले आणि घरात शिरली. मधल्या दाराचं कुलूप काढलं.

माया खोलीत जमिनीवर बसली होती. समोर दोन पिशव्या, एका चादरीत कपडे. बळीराम सकाळीच ठाण्यात गेला होता.

"उठ वं माया," पंचफुलाबाई म्हणाली. बाहेरचा राग अजून आवाजात तसाच होता. "ठाण्यात जाऊ. मी लेखी देतो, सारे खोटं बोलले म्हनून. अन् म्याबी..." तिनं एक पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. "चाल. आनू त्याले घरी."

मायानं पदर सावरला, चप्पल घातली. मिनल फाटकापाशी उभी होती. फाटकापर्यंत आल्यावर माया थांबली.

"काकू, एक सांगतो. तुमी ओरडल्या तवा म्या ह्यायचा हात धरला होता. म्हनलं, नका जाऊ, आपन भाड्यानं राह्यतो, आपल्याले काय करायचं. त्यायनं हात झटकला. म्हने, मानूस ओरडून राह्यला न् आपन आयकत बसाचं काय?"

"आता पुढच्या टायमाले कोनीबी ओरडो," माया म्हणाली, "तुमीबी ओरडा. म्या हात सोडनार नाई."

सकाळपासून पंचफुलाबाईनं सगळ्यांना सुनावलं होतं. एकेकाला उभं चिरलं होतं. आता हिला काय सुनावणार? चार दिवस कुलपापलीकडे चहाचा कप थंड करत बसलेली बाई तीच होती. तिचा राग कुठे गेला नाही. फक्त बाहेर फेकायला जागा उरली नाही.

"नको सोडू," ती म्हणाली. "या गल्लीची तेवढी लायकी नाई. माहीबी नाई."