गोड पाणी

तिचा दंड उजेडाकडे वळवून डॉक्टरीणबाईंनी जांभळे डाग दाबून पाहिले.

"हाडांत रक्त तयार होईनासं झालंय. घरी काय काम करता?"

"शिवणकाम. लोकांच्या कपड्यांवरचे डागही काढून देते."

"डाग कशानं काढता? थिनर? बेंझिन?"

शेजारी बसलेल्या फिटरनं तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोची चप्पल त्याच्या पावलावर पडली.

"साबणानं हो," ती हसून म्हणाली. "आणि मनगटाच्या जोरावर."

तो कारखान्यात फिटर होता. तिथं इथेन-प्रोपेनसारखे हलके वायू तापलेल्या उत्प्रेरकाच्या गोळ्यांवरून सोडत. वरून एथिलीन निघे, ते नळांतून पुढे जाई. खाली बेंझिन-टोल्युईन साचे, पाण्यासारखं नितळ. फिटर लोक त्याला गोड पाणी म्हणत. साबणाला दाद न देणारं ग्रीस त्यानं एका फटक्यात निघे, म्हणून पाळी संपली की सगळे त्यात हात धूत. प्रयोगशाळेतले साहेब मात्र त्याला काचेच्या कपाटात, पंखा लावून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून हात लावत. साहेबांची कातडी नाजूक, म्हणून फिटर हसत. साहेबांनी हसू दिलं. सगळं ठाऊक असून मिठाची गुळणी धरून बसले हरामखोर.

गोळ्यांवर काजळी धरली की गरम हवा सोडून ती जाळत. गोळ्या पुन्हा कामाला लागत. माणसाच्या हाडांना तशी सोय नाही.

दर आठवड्याला तो डब्याच्या पिशवीतून तिच्यासाठी, डाग काढायला, गोड पाण्याची एक बाटली लपवून आणायचा. सोमवारी धुतलेली रिकामी बाटली पिशवीत परत असायची.

वॉर्डाबाहेर त्यानं तिला थांबवलं.

"अगं, खोटं का बोललीस? ती बाटली..."

"गप बसा. चोरी कळली तर कामावरून काढतील. आणि बाटलीनं काही होत नसतं. संपलीय, नवी आणा."

तिला वॉर्डातल्या खाटेवर निजवून तो कपडे न्यायला घरी आला. फळीवर भरलेली बाटली दिसली, परवाच आणलेली. झाकणही उघडलेलं नव्हतं. ती उचलून तो तडक मागच्या दारी गेला आणि तिथंच थबकला. नळापलीकडे सगळीकडे गवत माजलं होतं. मधेच थाळीएवढी जागा बोडकी, करपलेली.

"तिथंच ओता, बाबा," मागून लेक म्हणाली. "आई तिथंच ओतते."

"कधीपासून?"

"तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हापासून. वर्ष झालं असेल. मला तर बाटलीला हातच लावू देत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

लेक दाराच्या कडीशी चाळा करत राहिली.

"म्हणाली, एवढ्या हौसेनं आणतात. त्यांच्या जिवाला घोर नको."

बाटली तिथंच रिकामी करून संध्याकाळी तो दवाखान्यात परतला तेव्हा ती जागीच होती.

"बाटली आणलीत?"

"आणली," तो म्हणाला. "गच्च भरून."

"बरं झालं. त्यानं डाग कसे चटकन निघतात."

"हो ना."

त्यानं तिचा हात हातात घेतला. साबणानं घासून घासून बोटांची पेरं सोलवटली होती.