खिडकीतून पाच मिनिटं

काकूंची नजर म्हणजे नजर. तीस वर्षं त्या कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या खांद्यांकडे बघून कोटाला किती कापड लागेल, ते त्या टेप हातात घ्यायच्या आधीच सांगायच्या. मालक सुरुवातीला टेप लावून खात्री करून घेत. पुढे त्यांनीही तो नाद सोडला. एखाद्या गिऱ्हाइकानं हट्टानं थोडंच कापड मागितलं, तर काकू कात्री खाली ठेवून म्हणत, "कमी पडेल. मग मला बोल लावायचा नाही." काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. काकू वरवर चिडायच्या, पण आतून त्यांना ते नाव आवडायचं.

काका बसचे ड्रायव्हर. शहरातल्या गर्दीत जन्मभर हॉर्न ऐकून त्यांचे कान किटले होते. निवृत्त झाले आणि त्यांनी एकच धोशा लावला: शेजारच्या राज्यात जायचं, जिथं गावं विरळ आणि बाकी सगळी शेतंच शेतं, आणि उरलेले दिवस शांततेत काढायचे. काकूंची ना नव्हती. त्यांची अट एकच होती.

"दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर हवीत. मला गाडी येत नाही आणि आता शिकायचीही नाही. मनात आलं की पायात चपला सरकवून बाहेर पडता आलं पाहिजे, कुणाला न विचारता."

"शेतात दुकानं कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा. शांतता तुम्हाला हवी आहे."

घरं बघणं सुरू झालं. एजंट जिभेवर साखर ठेवून बोलणारा होता. पहिलं घर इतकं शांत, की काकूंना स्वतःच्या कानातली गुणगुण ऐकू यायला लागली. सगळ्यात जवळचं दुकान म्हणजे एक पेट्रोल पंप. तिथं पाव मिळायचा, तोही लवकर गेलं तर. दुसरं घर तालुक्याच्या गावात, भर बाजारात. काकूंना ते बघताक्षणी पसंत पडलं, पण खाली बस स्टँड होता. काका जिन्यातूनच मागं फिरले. "जन्मभर बस चालवली, आता तिच्या डोक्यावर झोपू?" मग काकांना तळ्याकाठचं एक घर आवडलं. काका तिथं पायऱ्यांवर बसले ते उठेचनात. काकूंनी विचारलं, "इथं भाजी कोण विकतं, बदकं?" 

शेवटी घेतलं ते घर त्यांनी एका रविवारी दुपारी बघितलं. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर होतं, त्याला भली मोठी खिडकी. काकू खिडकीशी गेल्या आणि तिथंच थबकल्या. खाली अंगणाची भिंत, भिंतीपलीकडे दाट झुडपांची रांग, आणि झुडपांच्या लगेच वर शॉपिंग सेंटर. किराणा, बेकरी, औषधांचं दुकान, आणि टोकाला कापडाचं. दाराशी तागे उभे करून ठेवलेले दिसत होते. काच बंद होती; कुठूनशी बारीक घरघर येत होती, पण शहरातून आलेल्या कानांनी ती मोजलीच नाही. काकूंचा जीव वरखाली झाला.

"दोन मिनिटांत पोचाल," एजंट म्हणाला. गाडीनं की पायी, ते तो बोलला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

काकूंनी डोळे बारीक केले. "दोन नाही, पाच. चालत पाच मिनिटं."

"तुम्ही म्हणता तसं," एजंट म्हणाला.

घर विकणारी बाई अबोल होती. खिडकीशी एक उंच स्टूल होतं, त्याच्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हे मी इथंच ठेवून जाते. इथून सगळं दिसतं." काकूंना वाटलं, किती चांगली बाई आहे.

काका जाता जाता तळ्याच्या घराचं पुटपुटले. काकूंनी त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं. "माझं माप कधी चुकलंय का?" ते खरंच कधी चुकलं नव्हतं.

सामान लावून झालं, आणि पहिल्याच सकाळी काकू पिशवी घेऊन निघाल्या. भिंतीला वळसा घातला, झुडपं बाजूला सारली आणि जागीच उभ्या राहिल्या. समोर जमीन खचल्यासारखी खाली गेली होती आणि त्या खोलात हायवे होता. चार पदरी, मधे डिव्हायडर, आणि ट्रकांची रीघ. पूल नाही, सिग्नल नाही. गाड्यांनासुद्धा पार पुढच्या गावापर्यंत जाऊन वळून यावं लागत होतं. खिडकीतून बघताना नजर भिंतीवरून थेट दुकानांवर जाऊन पडायची. पसरलेल्या कापडातली घडी काकूंनी कधी सोडली नव्हती. इथं मात्र अख्खा हायवे घडीत गेला होता आणि त्यांनी तो न उलगडताच माप दिलं होतं.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "काय आणलंस?"

"अर्ध्यातून आले. गुडघा धरला."

आता कोणत्या तोंडानं सांगणार? नवऱ्याचं तळं त्यांनी या पाच मिनिटांवर सोडायला लावलं होतं.

"मग कशाला चालतेस?" काका म्हणाले. "मी आहे ना."

आणि काका कामाला लागले. त्यांना नवी ड्यूटीच मिळाली. नाश्ता झाला की गाडी काढायची, वळसा घालून पलीकडे जायचं, पिशव्या भरून आणायच्या. काकूंनी एक जिन्नस सांगितला तर ते तीन आणत. हायवेची घरघर त्यांना ऐकूच येत नव्हती. हॉर्न नसले की त्यांच्या लेखी ती शांतता. रात्री पाठ टेकताच घोरायला लागत. पलीकडे पायी जायची वाट आहे की नाही, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ड्रायव्हर माणसाला रस्ता लांबीत कळतो, रुंदीत कळत नाही.

कधी कधी काकू गाडीतून सोबत जात. कापडाच्या दुकानात त्या ताग्याला हात लावतात न लावतात, तोच काका दाराशी येऊन उभे राहत. चावी बोटावर फिरवत, सुटायची वेळ झालेल्या बससारखे. काकू हात काढून घेत. हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं. लेक फोनवर विचारायची, "आई, करमतं का?" काकू म्हणायच्या, "न करमायला काय झालं? दारात बाजार आहे."

त्या स्टुलावर बसत. कोण बेकरीतून बाहेर पडलं, कुणी कुठला तागा उलगडून बघितला, सगळं दिसायचं. घर विकणाऱ्या बाईनं एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. आवाज मात्र तिथला कशाचाच यायचा नाही, हायवेच्या घरघरीत सगळं बुडायचं. काकूंना वाटायचं, आपल्याला कुणी काचेच्या बरणीत घालून झाकण लावलंय, आणि झाकण लावणारे हात आपलेच आहेत.

एका सकाळी काका गाडी घेऊन गेले आणि काकूंना राहवलं नाही. त्या झुडपांतून खाली उतरल्या, जरा मोकळीक मिळताच धावत अर्धा रस्ता ओलांडला आणि डिव्हायडरवर चढल्या. तिथून पुढं जाता येईना आणि मागं फिरता येईना. दोन्हीकडून ट्रक अंगाला वारा घासत चालले होते. डिव्हायडरवर गवत होतं, पण त्या उभ्या होत्या तेवढ्या जागेवर ते नव्हतं. माती पावलांनी घट्ट दाबली गेली होती. काकूंना ती अबोल बाई आठवली. तीही इथंच येऊन उभी राहत असणार.

तेवढ्यात पलीकडच्या पदरातून काकांची गाडी गेली. काका ताठ बसले होते, नजर सरळ समोर. बघितलं नाही, असं म्हणून काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. पुष्कळ वेळानं वाट मिळाली तेव्हा त्या घरच्या दिशेनंच धावल्या. काका आले, पिशव्या ठेवल्या आणि म्हणाले, "चहा टाकू?"

त्यानंतर काकूंनी घर विकायचा लकडा लावला. कारण पुन्हा गुडघ्यांचंच. "हे जिने मला सोसत नाहीत. तालुक्याला जाऊ, तळमजला बघू." काका आधी फुगून बसले, मग एक दिवस मुकाट्यानं त्यांनीच एजंटला फोन लावला.

एक नर्सबाई आणि तिचा नवरा घर बघायला आले, तोही रविवारच होता. नर्सबाई चाळिशीची, हसरी. स्वयंपाकघरात शिरली, खिडकीशी गेली आणि थबकली. काकूही तिथंच थबकल्या होत्या.

"किती जवळ," नर्सबाई म्हणाली. "यांची फिरतीची नोकरी, गाडी यांच्याकडेच असते. मला चालत जाता आलं म्हणजे झालं. किती वेळ लागतो हो?"

काकू तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "पाच मिनिटं. हिनं इथूनच मोजलंय. तीस वर्षं कापड मोजलेली बाई आहे, हिचं माप चुकत नाही."

नर्सबाई काकूंकडे वळली. काउंटरपलीकडून गिऱ्हाइकं बघायची तसं बघत राहिली, पूर्ण भरवशानं. एका 'हो'वर घर विकलं जाणार होतं. तालुक्याचा बाजार, पायात चपला, कुणाला न विचारता बाहेर. काकूंनी मान डोलवायचं ठरवलंसुद्धा होतं.

"कमी पडेल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माप. चुकलंय माझं. मधे हायवे आहे, इथून दिसत नाही. पायी जायची वाटच नाही. मी आल्यापासून एकदाही चालत गेलेले नाही." आणि आता बोलायला लागल्याच होत्या, म्हणून पुढचंही बोलून टाकलं. "माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

पाहुणे फार वेळ थांबले नाहीत. जाताना नर्सबाईनं काकूंचा हात दाबला. दार लागलं, गाडी गेली. काका येऊन स्टुलावर बसले.

"मी बघितलं होतं तुला," ते म्हणाले. "डिव्हायडरवर."

काकूंना आधी कळेचना. "मग थांबला का नाहीत?"

"तिथं गाडी थांबवता येत नाही."

"आणि घरी आल्यावर?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग घर सोडावं लागलं असतं. मला इथं झोप लागते गं."

काकूंना राग आला आणि रडू आलं. आधी काय आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढे दिवस त्या एकट्याच कोंडल्या आहेत असं समजत होत्या, आणि हा माणूस दाराबाहेर उभा राहून आतली हालचाल ऐकत होता.

"मग आज पाच मिनिटं कशाला सांगितलीत?"

"विकलं जावं म्हणून. तुझ्यासाठी." काकांनी डोळे पुसले. "पुढं कुणी आलं तर त्यालाही हेच सांगणार?"

"सांगणार."

"म्हणजे आपण इथंच."

"इथंच."

काकांनी सवयीनं खिशातून चावी काढली. "चल, कापडाच्या दुकानात सोडतो. मी दाराशी येणार नाही. हवा तेवढा वेळ लाव."

"ती ठेवा तिथं," काकू म्हणाल्या. "चालत या माझ्याबरोबर."

काका आले. झुडपांतून उतरताना त्यांनी काकूंचा हात धरला होता. अर्धा रस्ता ओलांडून डिव्हायडरवर चढेपर्यंत काकूंनीच त्यांना धरलं होतं. जन्म स्टिअरिंगमागे गेलेला माणूस, पण रस्त्याच्या मधे पायी उभा राहायची त्यांची पहिलीच वेळ. रविवार असूनही ट्रक थांबायचं नाव घेत नव्हते. काका त्या दाबलेल्या मातीवर अंग चोरून उभे होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"इथून किती वाटतं गं, फूटपट्टी?" त्यांनी ओरडून विचारलं.

काकूंनी दुकानांकडे बघितलं. मग मागं वळून घराकडे बघितलं. झुडपांच्या वर खिडकी होती, आणि काचेमागचं रिकामं स्टूलसुद्धा ओळखू येत होतं.

"इथून सगळं दिसतं," त्या म्हणाल्या, आणि दोघं वाट मिळायची वाट बघत उभे राहिले.