गोड्या पाण्याचा अहवाल

"आता कशालाही हात लावू नकोस," विनिता म्हणाली. "काहीही झालं तरी."

स्क्रीनवर डॉमनिकने दोन्ही हात वर करून दाखवले आणि तो खुर्चीत मागे रेलला. त्याच्या पाठीमागे पांढऱ्या नळकांड्यांची चळत दिसत होती. समुद्राचं पाणी त्या नळकांड्यांतल्या पडद्यांवर प्रचंड दाबाने ढकललं जाई. एकीकडून गोडं पाणी निघे, दुसरीकडून उरलेलं खारं. अठराशे प्रवाशांचं ते जहाज मालदीवच्या दक्षिणेला होतं, आणि विनिता घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर.

उरलेल्या खाऱ्या पाण्यातला दाब वाया न घालवता तो आत येणाऱ्या पाण्याला द्यायचा, असं नवं यंत्र सहा महिन्यांपूर्वी जहाजावर बसलं होतं. त्याची माहितीपुस्तिका विनिताने लिहिली होती, बसवलं होतं डॉमनिकने. वीज जवळपास निम्मी लागू लागली. आता मालकांना पुढचं हवं होतं: हे सगळं ठाण्यातून चालवता आलं, तर जहाजावर त्यासाठी वेगळा इंजिनीअर कशाला? आठ तासांची चाचणी घेऊन विनिताने अहवाल द्यायचा होता.

सात तास आलेख सरळ चालला. मग डॉमनिक खुर्चीत ताठ झाला.

"मॅडम, आवाज बदललाय."

"आकडे ठीक आहेत."

"आकडे ठीक आहेत हो. आवाज ठीक नाय."

दीड मिनिटाने आकडेही बिघडले. गोड्या पाण्यातला खारेपणा चढू लागला, आणि ते टाकीकडे जाण्याआधी आपोआप पडायला हवी होती ती झडप पडलीच नाही. विनिताने बंद करण्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. नेमका तेव्हाच संपर्क तुटला. अर्धवट उठलेला डॉमनिक स्क्रीनवर तसाच गोठून राहिला.

चित्र परत आलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. काही वेळाने तो हात पुसत आला.

"हाताने बंद केलं. टाकीत नाय गेलं काही." मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, हे अहवालात घालू नका ना."

"डॉमनिक—"

"माणूस लागत नाय असं लिहा. पोस्ट रद्द झाली की अकरा दिवसांनी कोचीला उतरवतील मला."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. दुसरी बघेन."

सहा महिन्यांच्या करारावर तो गेला होता आणि आता आठवा महिना लागला होता. बदली माणूस मिळत नाही, एवढंच उत्तर त्याला दर वेळी मिळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको ऑफिसात आली. लिओना पोखरण रोडला राहायची. आठवा महिना भरत आलेला; सोफ्याच्या कडेवर, गुडघे दूर ठेवून ती बसली होती. विनिताने पाणी मागवलं. तिने ते घेतलं नाही.

"मी भांडायला नाय आलेली, ताई. बघायला आलेली. तो तुमच्याशी आठ-आठ तास बोलतो. माझ्याशी दहा मिनिटं."

"बोलतो कुठे, काम असतं ते."

"माहितीये." लिओना पोटावर हात फिरवत राहिली. "तो गेला तेव्हा आम्हाला कळलेलंही नव्हतं. हे सगळं त्याने फोनवरच बघितलंय. तुम्ही एक ओळ लिहिली तर येईल ना तो?"

"ती ओळ खोटी होईल. अठराशे माणसं तेच पाणी पितात."

"मग खरी ओळ काय आहे? तो तिकडेच?"

विनिताने ग्लास तिच्यापुढे सरकवला, पुन्हा आपल्याकडे ओढला. लिओना उठू लागली तेव्हा तिने हात पुढे केला. लिओनाने तो धरला, कारण धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं.

ऋतुराज विनिताचा साहेब, वयाने सात वर्षांनी लहान. तो टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, अहवाल उद्यापर्यंत. आणि माणूस लागतो असं लिहिणार असाल तर डॉमनिकला अजून चार महिने ठेवावं लागेल. नव्याला तयार करायला तेवढे जातातच. हे यंत्र ओळखणारी माणसं दोनच, तो आणि तुम्ही."

तो निघून गेला.

लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षं विनिताने इंजिनीअर म्हणून जहाजांच्या पोटात काढली होती. मग गोदूबाई, तिच्या सासूबाई, वर्तकनगरच्या जिन्यावरून पडल्या आणि कमरेखालचं सगळं गेलं. "सध्या तू घरी थांब," तिचा नवरा संदेश म्हणाला होता. त्या 'सध्या'ला नऊ वर्षं झाली. दिवसा त्यांना सांभाळायला रमाबाई यायच्या. बाकी सगळं विनिताकडे. जहाजावर जाण्याचा परवाना मात्र ती वेळच्या वेळी नवा करून घ्यायची. ऑफिसचं ट्रेनिंग आहे, असं घरी सांगायची. कशासाठी, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

तिने अहवाल लिहिला. चाचणी, आवाज, न पडलेली झडप, तुटलेला संपर्क, सगळं जसं घडलं तसं. शेवटी लिहिलं: या यंत्रावर जहाजात इंजिनीअर असणं आवश्यक आहे. मग बराच वेळ बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून ती बसली. हे आपण डॉमनिकसाठी लिहितोय की स्वतःसाठी, हे तिला ठरवता येईना. तिने पुढची ओळ लिहिली: बदलीसाठी कोची येथे उपलब्ध. खाली स्वतःचं नाव आणि परवान्याचा क्रमांक घातला, आणि वाचून न बघता अहवाल पाठवून दिला.

घरी पोचली तेव्हा रमाबाई निघण्याच्या तयारीत होत्या. विनिताने चहा केला आणि गोदूबाईंना उशीला टेकवून बसवलं.

"आई, मी सहा महिन्यांसाठी जहाजावर जातेय. अजून मंजूर व्हायचंय, पण होईल."

गोदूबाईंनी बशीतला चहा सावकाश संपवला. बशी परत देताना ती थोडी कलली.

"त्याला सांगितलंस?"

"नाही अजून."

"हं," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

पावणेसातला संदेश आला. त्याने बूट काढायच्या आतच विनिताने सांगितलं. एक बूट हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"सहा महिने? आणि आईचं काय?"

"दिवसा रमाबाई आहेत. सकाळी आणि संध्याकाळी तू."

"मी?" तो हसला. "मला यातलं काही येतं का? विनू, तू विचारायचंस तरी. निदान आईला तरी."

"मला सांगितलंय तिने," गोदूबाई आतून म्हणाल्या.

"आणि तू जा म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? मला भीती वाटते. पण नऊ वर्षं माझं नाव पुढे करून तिला बसवून ठेवलंय ते तू. मी नाही."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची शिट्टी थांबेपर्यंत तिघंही ऐकत राहिले.

"संदेश," गोदूबाई जरा मवाळ आवाजात म्हणाल्या, "तुला वेणी घालता येते का रे?"

"काय?"

"माझे केस सुटलेत सकाळपासून. मानेला टोचतात."

त्याने विनिताकडे पाहिलं. ती टेबलाशी बसली होती, तिथून उठली नाही. संदेशने बूट खाली ठेवला, हात धुतले, आत गेला. कपाटाचे दोन खण उघडून झाल्यावर त्याला फणी सापडली. आईच्या मागे पलंगाच्या कडेवर बसून त्याने पांढऱ्या केसांची एक बट हातात घेतली, सोडली, दुसरी घेतली.

"किती पेड असतात?" त्याने विचारलं.

"तीन," गोदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान पुढे झुकवली.