शिंपीमास्तरांचे हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे आणि सध्या उलटा ठेवलेला आहे. खरे तर डोक्यावर बसायची माझी जात, पण आज माझ्या पोटात दोऱ्याची रिळे आहेत. काळी, करडी, निळी, आणि एक लाल, जे सहसा कुणी मागत नाही. शिवणकामाच्या दुकानात खिडकीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. सकाळी ऊन माझ्यापर्यंत येते, दुपारी इस्त्रीच्या टेबलावर जाते, आणि उरलेला दिवस मी रस्त्याचे आवाज ऐकत बसतो.

एखादी गाडी चढावर जोर लावते. माझ्यातली रिळे हलतात. कात्री चालवणारा हात क्षणभर थांबतो. तेव्हा मला कळते की ऐकणारा मी एकटा नाही.

माझा जन्म पत्र्याचे छप्पर असलेल्या एका कारखान्यात झाला. गोंदात भिजवलेल्या कापडाचे थर साच्यात दाबून माझे कवच केले. कवचाच्या आत पांढऱ्या ताठ फोमचा थर बसवला आणि त्याच्याही आत मऊ अस्तर लावले. दुचाकीवर मिरवणारी माझी भावंडे तुम्ही रोज पाहता. माझी घडण जरा वेगळी, मी गाडीच्या आत बसून घालायचे हेल्मेट. तिथे डोक्याभोवती लोखंडी दांडे असतात आणि आगीचीही धास्ती असते. म्हणून माझे अस्तर पेट न घेणारे, माझी खिडकी लहान, आणि मानेचा पट्टा अडकवायला माझ्या दोन्ही बाजूंना भोके.

हेल्मेटांच्या दुकानात मी खूप दिवस डोक्याची वाट पाहिली. कितीतरी डोकी आली. कुणाच्या कपाळाला मी टोचलो, कुणाच्या कानांवर लोंबलो. कुणी नुसतेच आरशात पाहून, "रंग नाही आवडला" म्हणत मला परत ठेवले. रिकाम्या हेल्मेटच्या आत एक हवा असते, मित्रांनो. ती आपलीच असते, पण तिला कुणाचा तरी श्वास हवा असतो.

मग एक दिवस एक माणूस आला. गळ्यातला माप घ्यायचा टेप काढायचा तो विसरला होता. पुरुषांचे कोट शिवणारा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने मला डोक्यावर चढवले, मान उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली, खाली घातली. मी जागचा हललो नाही. दुकानवाल्या बाईंनी कसे वाटते म्हणून विचारले, तर आतून उत्तर आले, "शिवून घेतल्यासारखं."

त्या दिवसापासून मी मास्तरांचा झालो.

वर्षातल्या काही मोजक्या रविवारी शर्यतीची धावपट्टी साध्या माणसांसाठी उघडी असे. तिथे ना बक्षीस, ना पहिला नंबर. ज्याने त्याने आपली गाडी आणायची, फेऱ्या मारायच्या, हौस फेडायची आणि घरी जायचे. मास्तरांची गाडी लहान आणि जुनी होती. आठवडाभर खडूच्या रेषेवरून कात्री नेणारा हा माणूस तिथे वळणाच्या कडेवरून तशीच गाडी नेई, सुताने इकडे नाही की तिकडे नाही. त्याचा श्वास माझ्या काचेवर उमटे आणि विरे. सरळ रस्ता आला की तो स्वतःशी गुणगुणे. ते गाणे त्याच्या बायकोचे. ती दुकानात त्याच्याशेजारी बसून काजे करी आणि करताना म्हणे:

सुई माझी चाले पुढं, दोरा तिच्या संगी,
ज्याच्या मापानं शिविलं, बसो त्याच्या अंगी.

घरी आल्यावर मास्तर मला मऊ कापडाने पुसत. कोटाच्या उंची अस्तरातून त्यांनी माझ्यासाठी नाडीची पिशवी शिवली. बायको म्हणाली, "माझ्या कोटाला अस्तर लावा म्हणून तीन हिवाळे सांगतेय. याला लगेच मिळालं. पुढच्या जन्मी हेल्मेट होईन म्हणते." मास्तर खाली मान घालून नाडी ओवत राहिले.

त्यांना एक मुलगी होती. आई काजे करते म्हणून बापाने लेकीचे नाव पाडले बटण. ही बटण लहानपणी मला डोक्यावर घालून दुकानभर हिंडे. मी तिच्या खांद्यापर्यंत येई आणि ती इस्त्रीच्या टेबलाला धडके. मोठी झाल्यावर ती लिफ्ट दुरुस्त करायला शिकली. रोज पिवळी टोपी घालून उंच इमारतींच्या पोटात शिरू लागली.

आता ती दुपार सांगतो. सांगताना आजही माझ्या आत काहीतरी करकरते.

फेऱ्या संपल्या होत्या. मास्तर गाडीतून उतरले, मला डोक्यावरून काढले आणि नेहमीसारखे गाडीच्या टपावर ठेवायला गेले. पण त्यांनी मला जिथे ठेवले तिथे टप नव्हताच. मी थेट फरशीवर आलो. मास्तरांनी घाईने उचलले, फिरवून फिरवून पाहिले. कवचावर ओरखडासुद्धा नव्हता. पण आतला फोम एका जागी दबला होता आणि त्यात केसाएवढी चीर गेली होती. आमचा फोम मार एकदाच सोसतो, मित्रांनो. दबला की पुन्हा फुगत नाही. ते बाहेरून दिसत नाही, आणि मला सांगता येत नाही.

मास्तर मला छातीशी धरून बराच वेळ गाडीच्या टपाकडे पाहत उभे होते. एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा.

घरी त्यांनी सांगितले की गुडघा धरतो, आता धावपट्टी बंद. गाडी विकली. मी पिशवीत गेलो, पिशवी कपाटात गेली. तिथे डांबरगोळ्यांचा वास होता आणि न नेलेले कोट होते. उन्हाळे गेले, हिवाळे गेले. अंधारात मी वळणे आठवत राही. पहिले वळण लांब, दुसरे आखूड, मग तो चढ, आणि चढावर गुणगुणणारा श्वास. कुणीतरी कपाट उघडावे, एवढेच मागणे.

आणि एक दिवस कपाट उघडले. बटणने स्वतःच्या कमाईची एक जुनी गाडी घेतली होती आणि येत्या रविवारी ती पहिल्यांदा धावपट्टीवर उतरणार होती. मास्तरांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटले, नव्या कापडाचा तागा आला. "नवं कशाला?" ते म्हणाले. "माझं आहे ना."

बटणलाही तेच हवे होते. तिने मला चढवले. मी तिच्या डोक्यावर गोल फिरलो, खिडकी कानाकडे गेली. आई हसली, पण मास्तर हसले नाहीत. सैल कपडा दिसला की शिंप्याच्या हाताला चैन पडत नाही. त्यांनी माझे अस्तर सोडवले, आतून कापसाचा थर दिला आणि इतके बारीक टाके घातले की बोट फिरवूनच समजावेत. डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त, असे ते शिवत होते. प्रत्येक टाक्यात माया होती. मला ती टोचतही होती.

बटणने पुन्हा घातले. बसले! ती आरशासमोर मान हलवत राहिली, आणि माझ्या काचेवर कितीतरी वर्षांनी श्वास उमटला. मित्रांनो, मला जायचे होते. ती चीर मला ठाऊक होती, आणि तरी मला जायचे होते.

शनिवारी बापलेक त्याच जुन्या दुकानात गेले, फक्त हातमोजे घ्यायला. दुकानवाल्या बाईंचे केस पिकले होते, पण त्यांनी मास्तरांना ओळखले आणि मलाही. त्यांनी बटणच्या डोक्यावर मला पाहिले, मग उतरवून आत हात घातला. त्यांचे बोट टाक्यांवर थांबले.

"हे कुणी केलं?"

"मी," मास्तर म्हणाले. आवाजात थोडी ऐट होती.

"काम सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "पण उसवायला लागेल, मास्तर."

मग त्यांनी समजावून सांगितले. टक्कर झाली की कापूस चेपतो आणि डोके आतल्या आत आपटते. शिवाय माझे अस्तर पेट घेत नाही, कापूस घेतो. तसेही माझे वय उलटून गेले होते, धावपट्टीवरच्या तपासणीला मी चालणार नव्हतो. हे सगळे ऐकूनही मास्तर म्हणत होते की कापूस काढतो, वेगळे काही भरतो, वय काय, कवच तर टणक आहे. तेव्हा बाईंनी विचारले, हे कधी पडलेय का?

मास्तर खिशात खडू शोधू लागले.

"छे हो," बटण हसून म्हणाली. "बाबा याला बाळासारखं जपतात."

भिंतीवरची नवी हेल्मेटे रिकाम्या खिडक्यांनी पाहत होती. माझे एक मन म्हणत होते, मास्तर, बोलू नका, मला एकदा तरी तो चढ दिसू द्या. आणि दुसरे मन त्या पोरीचे डोके आठवत होते, लहानपणी टेबलाला धडकणारे.

"पडलंय," मास्तर म्हणाले. "मी टपावर ठेवलं, असं मला वाटलं. टप तिथं नव्हता. एकाचे दोन दिसत होते मला."

बटणला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुमचा गुडघा..."

"गुडघा ठणठणीत आहे."

"आणि जिन्यात माझा हात धरता, ते?"

"धरावासा वाटतो म्हणून," मास्तर म्हणाले. "आणि पायरी नीट दिसत नाही, म्हणूनही."

तिने त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली. ती आधीच सरळ होती.

बाईंनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच विचारले, "मास्तर, एकाच्या मापाचा कोट तुम्ही दुसऱ्याला दिलाय कधी?"

"आयुष्यात नाही."

"मग गळ्यातला टेप काय शोभेला आहे?"

मास्तरांनी टेप काढला. लेकीच्या भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागे डोके जिथे सर्वांत फुगीर असते तिथून तो फिरवला. बोटे अचूक होती. मग त्यांनी टेप डोळ्यांजवळ नेला, आणखी जवळ नेला, आणि बटणपुढे धरला. "किती आलं, वाच बरं." तो टेप त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला वाचू दिला नव्हता.

बटणला एक लाल पट्ट्यांचे हेल्मेट आवडले होते. ते तिच्या मापाचे होते, पण तिचे डोके लांबट आणि ते गोल. काढले तेव्हा कपाळावर वळ उठला. दुसरे गालांना सैल होते. तिसरे पांढरे, अगदी साधे. त्यात तिचे गाल लाडूसारखे वर आले. ते घालूनच बाईंनी तिला बसवून ठेवले आणि बाकी दोघे चहा प्यायला लागले.

"मला चहा नाही का?" आतून आवाज आला.

"माप आधी," दोघे एकदम म्हणाले.

चहा संपल्यावर बाईंनी हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ओढून पाहिले. ते निघाले नाही. मग काढले, तर कपाळ स्वच्छ होते. मास्तरांनी तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला, शिवण तपासावी तसा, आणि मान डोलावली.

निघताना बाई हळूच म्हणाल्या, "याचा हनुवटीचा पट्टा कापून टाका, मास्तर. नाहीतर उद्या दुसरं कुणीतरी मायेनं घालेल."

ते काम मास्तरांनी घरी केले. कापड बेतायच्या टेबलावर मला ठेवले आणि मोठी कात्री घेतली. बायकोने पट्टा दोन्ही हातांनी ताणून धरला. ज्या कात्रीने कधी सुताची चूक केली नव्हती, ती दोनदा टेकून उचलली गेली. तिसऱ्यांदा चालली. बायको खिडकीबाहेर पाहत होती, म्हणजे तसे दाखवत होती. मग मास्तरांनी आपलेच टाके एकेक करून उसवले. निघालेल्या कापसाची बायकोने टाचण्यांसाठी उशी केली.

नव्या हेल्मेटला नवी पिशवी झाली, आणि त्याच अस्तरातून बायकोच्या कोटाचेही एकदाचे काम झाले. मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आता जाड काचांचा चष्मा आहे, आणि शनिवारी बटण येऊन आठवड्याच्या सगळ्या सुया ओवून ठेवते. ओवताना तिचा हात माझ्या पोटात येतो, रीळ चाचपतो. तोही एक स्पर्शच. मी तेवढ्यावर आठवडा काढतो.

धावपट्टी उघडी असते त्या रविवारी ते दोघे जातात. मास्तर कुंपणाशी बसतात, फेरी संपली की ते पांढरे हेल्मेट स्वतःच्या मांडीवर घेतात. टपावर ठेवत नाहीत. संध्याकाळी पिशवी माझ्या शेजारी टेकते आणि तिच्यातून तापलेल्या रस्त्याचा वास येतो. दुकान बंद असते. मी तो वास पुरवून पुरवून घेतो. पहिले वळण लांब, दुसरे आखूड, मग तो चढ...

मित्रांनो, आम्हांला निवडताना रंग मागून पाहा, आधी आपले डोके मोजा. आठवण म्हणून आम्हांला जवळ ठेवा, पण आठवण म्हणून डोक्यावर घालू नका. आम्हांला उंचावर, कडेवर ठेवू नका. आणि चुकून पडलोच, तर कवच पुसून गप्प बसू नका; आमच्या वतीने तुम्हीच बोला. मग आमचा पट्टा कापा. कापताना कात्री दोनदा टेकून उचलली, तरी चालेल.