साडेअकरा मिलिलिटर

डॉ. वस्फींनी लमीस आणि बतूलच्या प्रयोगवह्या शेजारी शेजारी उघडल्या आणि एकाच आकड्यावर दोन बोटं टेकवली.

"साडेअकरा. इकडेही, तिकडेही. यायला हवे होते दहा. चूकसुद्धा वाटून घेतलीत?"

"आम्ही खोलीत एकत्र राहतो, डॉक्टर," लमीस म्हणाली. "पण प्रयोगाची टेबलं वेगळी होती."

"बतूलही सकाळी हेच म्हणाली. अगदी याच शब्दांत."

लमीसने ओढणीचं टोक मुठीत धरलं. नक्कल ठरली तर शिक्षा दोघींना सारखीच, एक सत्र बाहेर. शिष्यवृत्ती गेली की अब्बा येऊन तिला घरी अजलूनला घेऊन जाणार. परत इथे इर्बिदला शिकायला कोण पाठवणार?

दार ढकलून उम्म नायेफ आत आल्या. प्रयोगशाळेतल्या मदतनीस. हातातल्या ट्रेमध्ये ब्युरेट, चंबू आणि एक बाटली.

"तुम्हाला बोलावलं नव्हतं, उम्म नायेफ."

"मला कधी बोलावतात? बेसिन तुंबलं की." त्यांनी ब्युरेट भरली. "ही प्रयोगाच्या दिवशीची बाटली, सगळ्या वर्गाने द्रावण यातूनच घेतलं. वरची चिठ्ठी माझ्या हातची."

थेंब पडू लागले. दहाची खूण मागे पडली, चंबूतलं आम्ल पाण्यासारखं स्वच्छच. साडेअकराला फिकट गुलाबी छटा आली आणि हलवूनही गेली नाही.

"कॉस्टिक सोड्याची बरणी माझ्याकडून उघडी राहिली. सोड्याने ओल धरली, वजनात पाणीच जास्त आलं. द्रावण पातळ झालं. पोरींनी दिसलं ते लिहिलं. चूक माझी, लिहून घ्या."

"निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या."

"मग उरका. माझ्या सेवापुस्तकात शेरा मारायला तेवढेच आहेत."

डॉ. वस्फींनी चंबू उजेडात धरून पुन्हा पाहिला. मग वर्गातल्या इतरांच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. पहिली वही. दहा. दुसरी. दहा. तिसरीतही दहाच पाहून पान उलटताना त्यांचा हात मंदावला.

"तू जा, बेटा," ते मान वर न करता म्हणाले. "बतूललाही सांग."

बाहेर बतूल भिंतीला टेकून उभी होती. लमीसचा उजळलेला चेहरा पाहून ती रडू लागली.

लमीसने मागोमाग बाहेर आलेल्या उम्म नायेफच्या हातातला ट्रे घेऊन खिडकीत ठेवला. मग आभार मानायला वाकून तिने त्यांचा हात ओठांजवळ नेला.

"अगं, थांब! कॉस्टिक लागलंय," उम्म नायेफ हात मागे घेत म्हणाल्या. "आधी धुऊन तर येऊ दे."