आक्काच्या कुरडया आणि दीपाची टेरेस

"दीपे, तुमाला टेरेस हाय न्हवं?" हुपरीहून आक्कानं फोनवर विचारलं.

"हाय की. चांगली मोठी हाय," दीपा म्हणाली. उचगावातल्या नव्या फ्लॅटचं थोरल्या बहिणीनं अजून कौतुक केलं नव्हतं, म्हणून 'मोठी'वर तिनं जरा जोरच दिला.

"मग बेस झालं. आमच्या शेजाऱ्यांनी औंदा स्लॅबवर खोल्या चढवल्यात. रविवारी कुरडया तुझ्याकडंच घालू."

रविवारी दिवस उगवायला टेम्पो आला. त्यातून आक्का, तिच्या दोघी जावा, गव्हाच्या चिकाची पातेली, सोऱ्या आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं उतरलं. आल्या आल्या आक्कानं गॅसचा ताबा घेतला. चीक रटरटून घट्ट झाला तसा तिनं पदर खोचला. "चला. टेरेसचा जिना कुठं हाय?"

"जिना कशाला?" दीपानं हॉलचं काचेचं दार सरकवलं. "ही काय टेरेस."

बाहेर दोन खुर्च्या होत्या आणि दीपाच्या नवऱ्याचे, ऋषभचे, शर्ट वाळत होते. आक्का दारातच थांबली.

"ही? ही गॅलरी हाय."

"बिल्डरनं टेरेसच सांगितलीया. कागदावर बी तसंच हाय."

"त्येला एक डाव कुरडया घालायला बशीवला पायजे," आक्का शांतपणे म्हणाली. जावा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

दीपा खाली पळाली. इमारतीच्या गच्चीची किल्ली सोसायटीच्या विजयसिंहांकडं असायची. ते बिचारे ओशाळलेच. "कालच वॉटरप्रूफिंगचा हात मारलाय, ताई. चार दिवस पाय टाकता येत न्हाई."

वर शिजलेला चीक गार व्हायला लागला होता. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, आणि पातेल्यातला कच्चा उद्यापर्यंत आंबून जाणार. राहायला येऊन सहा महिने झाले, पण लिफ्टमधल्या हसण्यापलीकडं दीपाची कुणाशी ओळख नव्हती. तिनं मन घट्ट करून समोरची बेल दाबली.

दार उघडलं कागलच्या चिमणाबाईंनी.

"काकू, जरा तुमची बाल्कनी मिळंल का?"

"बाल्कनी न्हाय बाई आमच्यात."

दीपा वळली.

"सज्जा हाय पुढं," मागून चिमणाबाई म्हणाल्या. "चालंल का?"

वरच्या मजल्यावरच्या तेजस्वीकडं टेरेसही नव्हती आणि सज्जाही नव्हता. तिचं होतं 'सिट-आउट', खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं. तिथनं पुढं दीपा शहाणी झाली. दार उघडलं की ती एवढंच म्हणायची, "तुमच्या घराबाहेर उन्हाचं जे काय मोकळं आसंल, ते आजच्या दिवस द्या." कुणी नाही म्हणालं नाही. दहा वाजेपर्यंत पाच घरांत लुगडी पसरली आणि आक्का सोऱ्या घेऊन वर-खाली करत राहिली. चिमणाबाईंनी तर स्वतःचा सोऱ्या काढला आणि आक्काच्या कुरडईला वेढे कमी पडतात म्हणून सुनावलंसुद्धा.

दुपारी पातेली घासायला आक्का खाली नळावर गेली. सहज वर पाहते तर तेजस्वीकडच्या कुरडयांवर कबुतरांचा थवा. "गॅलरीत बघा गं!" ती ओरडली. दीपा तेवढी बाहेर आली. "तू न्हवं! ती वरची! सज्जा! बाल्कनी! त्ये गवताचं!" कुणाला म्हणतेय ते कुणालाच कळेना, म्हणून झाडून सगळी इमारत बाहेर आली. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या तोंडाला साबण. तेजस्वीनं टॉवेल फिरवून कबुतरं उडवली. मग सगळे कठड्याला टेकून एकमेकांकडं बघायला लागले. चिमणाबाईंनी साबणवाल्याला विचारलं, "तुमी कुटलं म्हणायचं, पावणं?" तो भुदरगडचा निघाला. त्यांच्या माहेरचाच तालुका. मग गप्पा बऱ्याच वेळ चालल्या.

संध्याकाळी कुरडया अर्ध्याच वाळल्या होत्या. टेम्पोत चढताना आक्का म्हणाली, "उद्या उलथून घाल. आन् घर चांगलं हाय तुझं."

दुसऱ्या दिवशी दीपा कुरडया उलथायला तेजस्वीकडं गेली. तेजस्वीनं दोन कप चहा आधीच ओतून ठेवला होता. दोघी हिरव्या गवतावर मांडी घालून बसल्या, आणि कुरडया उलथायचं काम चांगलंच लांबलं.