सगळ्या जत्रा मेटवाडीला

आमच्या कुमाररावांना एक काम सांगावं आणि दहा निस्तरत बसावं. नवरा आहे म्हणून मी बोलते. दुसरं कुणी बोललेलं मला खपत नाही.

भोर-वेल्ह्यातल्या गावजत्रांचा ऑनलाइन नकाशा आम्ही दोघं चालवतो. नकाशामागे एक टेबल असतं. एका ओळीत एक गाव, त्याचा देव, तारीख आणि ठिकाण. बाहेरचे खेळणीवाले, पाळणेवाले मोबाईलवर ठिपका बघून टेम्पो काढतात. यंदा माझ्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, हट्टानं आपलं माहेर त्यात घालायला लावलं. वेल्ह्याच्या डोंगरातली मेटवाडी. तिथल्या जननीदेवीच्या जत्रेला दुकान एकच, खुद्द सासूबाईंचं रेवड्यांचं. त्याच दिवशी खाली मोठ्या जत्रा, मग वर कोण मरायला चढतंय? पोरांनी एकदा तरी पाळणा बघावा, एवढंच त्यांचं मागणं.

कुमाररावांनी ठिपका टाकला, तो नेमका धरणाच्या पाण्यात. सासूबाईंनी लेकाशी बोलणंच टाकलं.

जत्रेच्या सकाळी त्या रेवड्या घेऊन जीपनं वर गेल्या आणि इकडं साहेबांना जाग आली. मी अंघोळीला गेले तेवढ्यात ते एसक्यूएलमध्ये, म्हणजे टेबलाच्या भाषेत, हुकूम लिहून मोकळे झाले: ठिकाण बदला, हे नवं घाला. कुठल्या गावाच्या ओळीत बदला, ती अट घालायचीच राहिली. अटीचा तो व्हेअर शब्दच नाही! टेबल बिचारं सांगितलं ते करतं. मी येऊन बघते तर उत्रोली, आंबवडे, कामथडी, झाडून सगळी गावं मेटवाडीवर एकावर एक बसलेली.

माझं डोकं असं सणकलं म्हणता! नशीब, आदल्या संध्याकाळी मी टेबलची प्रत काढून ठेवली होती. तिच्यातून ज्याचं त्याला ठिकाण परत दिलं, मेटवाडीची ओळ तेवढी वगळून. चालवण्याआधी अट दोनदा वाचली. मग फोन धरला आणि वाट चुकलेले टेम्पो एकेक करून माघारी वळवले. फलटणकडचे पाळणेवाले मानसिंग मात्र लागेनात. ते कामथडीला निघालेले, आणि घाट चढला की रेंज जाते.

आम्ही मोटरसायकल काढली. वाटभर मी नवऱ्याला बोलत होते आणि ते ऐकून घेत होते, हे मात्र मान्य करायला हवं.

वर पोचलो तर भाताच्या मोकळ्या खाचरात पाळणा उभा. कुमाररावांनी मानसिंगांची माफी मागितली, कामथडीला चला म्हणाले. मानसिंगांनी नुसता पाळण्यापुढं हात केला. अख्खी वाडी रांगेत होती. कामथडीला दुसरे पाळणे आहेत, म्हणाले, हे लोक सोडून मी उतरत नसतो.

आणि सासूबाई? रेवड्यांचं दुकान उघडं टाकून त्या पाळण्यात, पदर दातात धरून. खाली आल्या तेव्हा डोळे भरलेले. लेकाचा हात धरून म्हणाल्या, "पोरांचं निस्तं नाव हुतं रं. बसायचं मलाच हुतं, ल्हानपणापासनं."



निघताना मानसिंगांनी पुढल्या वर्षाचंही कबूल केलं. टेबलात मेटवाडीपुढं त्यांचं नाव घालायचं काम मी कुमाररावांनाच दिलं. मागं उभी राहिले, आणि व्हेअर लिहिल्याशिवाय एंटरच्या बटणाला हात लावू दिला नाही.